काकांची फिल्म, आत्याचं कुंकू

आत्याच्या फ्रीजरमध्ये कॅमेऱ्याच्या फिल्मचा एक गोल पत्र्याचा डबा होता, मटारच्या पिशवीखाली. कडेनं काळी चिकटपट्टी, वर काकांच्या टोकदार अक्षरात '२४१५' आणि त्याखाली 'उघडू नये'. आत्याचे फ्रीज बदलले, वाडा पाडून बिल्डिंग झाली, मधली काही वर्षं ते दोघं भाड्याच्या जागेत राहून परत सदाशिव पेठेत आले, पण डबा दरवेळी नव्या फ्रीजरमध्ये सगळ्यात आधी जायचा, त्यानंतर बाकीचं सामान. काका म्हणजे आत्याचे मिस्टर, त्यांना आम्ही सगळी भाचरं काकाच म्हणतो. तर एप्रिलमध्ये मी धीर करून म्हणलं, काका, ती फिल्म मी वापरू का, तर ते लगेच म्हणाले घेऊन जा, मी आता कुठं जातोय रात्री-अपरात्री. मग चहा पिता पिता सहज विचारलं, काय काढणार आहेस तीवर? म्हणलं आत्याचा पोर्ट्रेट काढावा म्हणतो. ते मोठ्यानं हसले. "अरे, तारे काढायची फिल्म आहे ती! हिला काय काढतोस तीवर?"

आत आत्या खलबत्त्यात वेलदोडे कुटत होती. तो आवाज थांबला, मग परत सुरू झाला. बाकी काही नाही. काका चेष्टेनंच बोलले होते, त्यांचा स्वभावच तसा आहे, आत्याही नंतर बाहेर येऊन नेहमीसारखी बोलली, निघताना डब्यात लाडू दिले. पण कोथरूडला घरी पोचेपर्यंत ते वाक्य स्कूटरवर माझ्या मागच्या सीटवर बसून आलं आणि नंतर बरेच दिवस गेलंच नाही.

फिल्म म्हणजे कोडॅकची टेक्निकल पॅन, डब्यावरचं २४१५ हा तिचाच नंबर. २००४ च्या सुमारास बंद झाली, आणि ज्यांनी वापरली ते अजून तिच्याबद्दल बोलताना जरा आवाज खाली आणतात. स्लो म्हणजे किती स्लो, साधे फोटो काढायचे तर आसा, म्हणजे फिल्मचा वेग, २५ धरायचा, तोही दिवस चांगला असेल तर. दाणा, म्हणजे चित्र ज्यांचं बनतं ते चांदीचे ठिपके, इतका बारीक की एन्लार्जरवर फोकस करताना दाणा शोधत बसावं लागतं. आणि कॉन्ट्रास्ट असा की सांभाळला नाही तर फोटोत फक्त चुना आणि काजळी उरते, मधलं काही नाहीच. मायक्रोस्कोपखालच्या स्लाइडा, नकाशे, छापील कागद, सूर्यावरच्या ज्वाळा असल्या कामांना ती वापरायचे. जिथं 'आहे' आणि 'नाही' एवढंच बघायचं असतं तिथं ती राणी.

काकांनी ती आकाशासाठी वापरली. ते बँकेत होते, पण शुक्रवारी संध्याकाळी पाच वाजले की माणूस बदलायचा. अमावस्येच्या आसपासचा शनिवार असला की दुर्बीण, ट्रायपॉड, बॅटरी, थर्मास सगळं फियाटमध्ये भरून पानशेतच्या रस्त्याला लागायचे, कारण तेव्हा खडकवासल्याच्या पुढं गेलं की अंधार म्हणजे खरा अंधार असायचा. आत्याही जायची. एकटे नको म्हणून. थालीपिठं करून न्यायची आणि मागच्या सीटवर शाल घेऊन झोपायची. काका बाहेर थंडीत, क्रॉसहेअर असलेल्या आयपीसला डोळा लावून, एका हातानं दुर्बिणीचा स्क्रू केसाएवढा फिरवत अर्धा अर्धा तास एकच तारा पकडून ठेवायचे. लहानपणी मी एकदा गेलो होतो बरोबर. आठवतं ते एवढंच की काकांच्या मफलरला दव लागलं होतं आणि ते श्वास सोडताना तोंड बाजूला करत होते, लेन्सवर वाफ बसू नये म्हणून.

त्यांचं सगळ्यात लाडकं काम म्हणजे मृगातला तेजोमेघ. नुसत्या डोळ्याला तो धुरकट ठिपका दिसतो. पण त्या मेघातला हायड्रोजन लाल उजेड सोडतो, ६५६ नॅनोमीटरच्या आसपासचा, आणि साध्या बऱ्याचशा फिल्म तिथं पोचेपर्यंत थकून जातात. टेक्निकल पॅन थकत नाही. तिला मुद्दाम लांबपर्यंतचा लाल दिसेल अशी केली होती, पार ६९० पर्यंत. हौशी लोक तर ही फिल्म आधी हायड्रोजन मिसळलेल्या नायट्रोजनमध्ये गरम करून घ्यायचे, म्हणजे लांब एक्स्पोजरला ती झोपायची नाही. काकांकडे तसलं सामान नव्हतं, त्यांनी चिकाटीवर भागवलं. घरी आल्यावर रोल धुवायचा तो डी-१९ मध्ये. हा डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरचं चित्र बाहेर काढणारं रसायन, ताकदवान माणूस, एक्स-रे आणि शास्त्रीय कामाचा, त्यात हायड्रोक्विनोन भरपूर आणि वर सोडा. जे काही अंधुक पडलंय ते ओढून बाहेर काढणार. आकाश काळं ठार, तारे पांढरे लख्ख, आणि मधे तो मेघ, पंख पसरल्यासारखा. तो प्रिंट अजून त्यांच्या हॉलमध्ये लावलेला आहे.

आत्याचा फोटो हॉलमध्ये नाही. म्हणजे लग्नातला आहे एक, बेडरूममध्ये.

तर प्रश्न असा होता की हीच फिल्म धुवायची कशात. फोटोग्राफीत नसणाऱ्यांना वाटतं की डेव्हलपर म्हणजे काय, पावडर पाण्यात टाकायची, फिल्म बुडवायची, झालं. नेहमीच्या फिल्मला ते बरंचसं खरंय. चारशे आसाचा रोल असेल तर डी-७६ घ्या नाहीतर अजून काही, फरक पडतो पण जीव जात नाही. ह्या फिल्मचं तसं नाही. हिच्यातले चांदीच्या क्षाराचे कण फार बारीक आणि जवळपास सगळे एकाच मापाचे. साध्या फिल्ममध्ये लहानमोठे कण मिसळलेले असतात, मोठे थोड्या उजेडात जागे होतात, लहान जास्त उजेड मागतात, म्हणून पायऱ्या पायऱ्यांनी करडे रंग तयार होतात. इथं सगळे एका मापाचे, त्यामुळे जागे झाले की बहुतेक सगळे एकदमच. हर्टर आणि ड्रिफील्ड ह्या दोघांनी १८९० मध्ये उजेड आणि काळेपणा ह्यांचा जो आलेख मांडला, त्यात साध्या फिल्मची रेघ पर्वतीच्या पायऱ्यांसारखी निवांत चढते, हिची उभी भिंतच. पण गंमत म्हणजे ही भिंत डेव्हलपरच्या हातात आहे. एकाच रोलचे दोन तुकडे केले आणि वेगवेगळ्या डेव्हलपरमध्ये टाकले तर दोन वेगळ्या फिल्म वाटाव्यात इतका फरक. डी-१९ मध्ये ती शंभर आसाच्या वर जाते आणि भिंत होते, दुसऱ्या कशात तरी पंचवीसवर येऊन माणसात येते.

ते 'दुसरं कशात तरी' कोडॅकनंच काढलं होतं, टेक्निडॉल नावाचं, खास ह्याच फिल्मसाठी. फिल्म गेली तसं तेही गेलं. म्हणजे हातात फिल्म आहे आणि तिचा लगाम मिळत नाही. जुने लोक अशा वेळी काय करायचे तर हाताशी असेल तो डेव्हलपर पाणी घालून घालून पातळ करायचे. मीही तिथूनच सुरुवात केली, कारण रोडिनलसारखं काहीतरी घरी करता येतं हे माहीत होतं. रोडिनल १८९१ चं, आग्फाचं, त्यातला मुख्य माल पॅरा-अमिनोफिनॉल. आणि तापाच्या साध्या पॅरासिटामॉलच्या गोळ्या कॉस्टिक सोड्यात पडल्या की दोन-तीन दिवसांत त्यातून तोच माल तयार होतो. पाचशे मिलिग्रॅमच्या तीस गोळ्या, पन्नास ग्रॅम सोडियम सल्फाइट, वीस ग्रॅम कॉस्टिक, पाव लिटर पाणी. मेडिकलवाल्यानं तीस गोळ्या मोजून देताना चष्म्यावरून बघितलं, "घरात सगळ्यांनाच ताप का?" म्हणलं नाही हो, फोटो धुवायचेत. त्यानं गोळ्या दिल्या पण पुढं काही विचारलं नाही, मला वाटतं त्याला विचारायचंच नव्हतं. (कॉस्टिक पाण्यात थोडं थोडं टाकायचं, गॉगल लावून, पाणी उकळल्यासारखं तापतं. पाणी कॉस्टिकवर ओतायचं नाही. हे एवढं मात्र गंभीरपणे सांगतोय.)

सल्फाइट हे वेगळंच प्रकरण. पेठेतल्या केमिकलच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा म्हणतो, "सल्फेट आहे, देऊ का? तेच असतं." तेच नसतं रे बाबा. मग मालक आतून आले, वयस्कर, त्यांनी माझ्याकडे बघून विचारलं, "फोटोचं काम का? फार वर्षांनी आलं कुणीतरी." आणि आतून एक किलोची पिशवी काढून फुंकर मारून धूळ उडवली. त्यांच्याकडे पूर्वी लक्ष्मी रोडच्या स्टुडिओवाल्यांची रांग लागायची म्हणे, हायपो पोत्यानं जायचा. अर्धा किलो देत नव्हते, पूर्ण घ्यावी लागली. घरी कपाटात साखरेच्या डब्यासारखी दिसते ती पिशवी, म्हणून वर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

पातळ रोडिनलचं तत्त्व मला पहिल्यापासून फार आवडतं. लग्नाच्या पंगतीत वाढपी एकदा वाढून गेला आणि परत फिरकलाच नाही असं समजा. जे खवय्ये आहेत त्यांचं पान दोन मिनिटांत रिकामं, मग ते बसले नुसते हात सुकवत. आणि कडेला बसलेली हळूहळू खाणारी आजी आपलं आहे त्यात जेवत राहते, शेवटी दोघांच्या पोटात फारसा फरक राहत नाही. फोटोतल्या उजळ जागा म्हणजे ते खवय्ये, तिथला डेव्हलपर लगेच संपतो, आणि सावल्या निगेटिव्हवर आपल्या सावकाश काळ्या होत राहतात. टँक हलवला की वाढपी आला, म्हणून हलवायचा कमी. तत्त्व उत्तम. माझ्या तुकड्यांवर फरकही दिसला, डी-७६ पेक्षा खूपच माणसाळलेले. पण वरचं टोक सुटत होतं. समोरच्या बिल्डिंगची पांढरी भिंत निगेटिव्हवर डांबरासारखी आली, त्यातून प्रिंटला काही उतरेना, आणि सावलीतलं दार नुसतं नावाला. मधे मात्र फार सुंदर करडे. म्हणजे डोकं आणि पाय नाहीत, धड छान आहे.

मग पोटा. हा डेव्हलपर मॅरिलिन लेव्ही ह्यांचा, त्या अमेरिकन लष्कराच्या लॅबमध्ये होत्या, १९६० च्या दशकातली गोष्ट. डोळे दिपवणारा उजेड आणि गडद सावली एकाच फ्रेममध्ये पकडायची हा त्यांचा प्रश्न होता. त्यांचं उत्तर वाचून मला आधी खरंच वाटेना. एक लिटर पाणी, तीस ग्रॅम सल्फाइट, दीड ग्रॅम फेनिडोन. संपलं. हायड्रोक्विनोन नाही, सोडा नाही, काही नाही. फेनिडोन फोटोच्या कामाचं आहे हे इल्फर्डच्या केंडल ह्यांनी १९४० मध्ये शोधलं, आणि एरवी त्याला नेहमी हायड्रोक्विनोनची जोडी लागते, दोघं मिळून जे करतात ते दोघांच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा कितीतरी जास्त. पोटा डेव्हलपरमध्ये तो जोडीदारच काढून टाकलाय. एकटं फेनिडोन सावल्यांमधलं बारीकसारीक उचलतं आणि उजेडाच्या बाजूला जाऊन हात टेकतं, पुढं ढकलायची त्याच्यात ताकदच नाही. ह्या फिल्मला नेमकं हेच हवं. काकांच्या डी-१९ मध्ये जे ठासून भरलंय तेच इथं वजा केलंय, हे दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितल्यावर मला एकदम काका आणि आत्याच आठवले, पण ते असो.

फेनिडोन पुण्यात दुकानात मिळेल ही आशा सोडा. मुंबईच्या एका मित्रानं त्याच्या बाटलीतून थोडं काढून दिलं, औषधाच्या पुडीसारखं कागदात बांधून. तोलायला सोनाराकडे असतो तसला छोटा काटा. पंखा बंद करून, श्वास धरून, कारण पाऊण ग्रॅम म्हणजे बोटाच्या पेरावर मावेल एवढं. ते पाण्यावर टाकलं की विरघळतच नाही, पिठीसारखं तरंगत बसतं. पाणी चांगलं गरम लागतं, आणि नळाचं नको, बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड. मग हळूहळू, ढवळत ढवळत, एकदाचं ते गायब होतं. आता गरम झालेलं थंड करायचं, कारण फिल्म वीस डिग्रीला धुवायची, आणि एप्रिलमध्ये आमच्या गच्चीवरच्या टाकीचं पाणी सकाळी आठ वाजताही कोमट. परातीत बर्फ, बर्फात बाटली, बाटलीत थर्मामीटर. घाईही करावी लागते कारण पोटा टिकत नाही, केला त्या दिवशीच काही तासांत वापरायचा, दुसऱ्या दिवशी नुसतं खारट पाणी. बायको म्हणाली, एवढं तर आपण आइस्क्रीमसाठीपण करत नाही. खरंय.

फिल्म जुनी असल्यामुळे धुकं किती आलंय ही दुसरी धास्ती. वय झालं की फिल्मवर उजेड न पडलेल्या जागीही थोडी काळोखी चढते. पण स्लो फिल्म ह्या बाबतीत कणखर असतात, फास्ट फिल्म लवकर म्हाताऱ्या होतात. वर फ्रीजरमध्ये, म्हणजे आत्याच्या राज्यात राहिलेली. एरवी धुकं दाबायला पोटॅशियम ब्रोमाइड घालतात, पण फेनिडोन ब्रोमाइडला फारसं जुमानत नाही, त्याला बेंझोट्रायाझोल लागतं. मी आधी काहीच न घालता कोरा तुकडा धुवून बघितला. काचेसारखा निघाला. आत्याला फोन करून सांगितलं, तुझ्या फ्रीजरनं काम केलं बरं का. ती म्हणाली, वीज गेली की मी पहिल्यांदा त्या डब्याला टॉवेलात गुंडाळायची, हे ओरडायचे ना.

माणसाच्या आधी दगडावर बघावं म्हणून पाताळेश्वरला गेलो. जंगली महाराज रोडवर बाहेर बसचे हॉर्न आणि पायऱ्या उतरलं की एकदम दुसरं शतक. कॉन्ट्रास्टची परीक्षा घ्यायची तर पुण्यात ह्याच्याइतकी अवघड जागा नाही. अंगणात नंदीचा गोल मंडप भर उन्हात, आणि समोर लेणं, आत काळ्या कातळाचे चौकोनी जाड खांब, त्याच्या मागं अंधार, अंधारात समईची ज्योत. आत उभं राहून बाहेर कॅमेरा केला की मीटर चक्रावतो. ट्रायपॉड लावायला परवानगीची भानगड, म्हणून कॅमेरा खांबाला टेकवून, खांदा दगडाला लावून, श्वास सोडून मग बटण. दगड गार होता, शर्टमधून लागत होता. एक शाळकरी मुलगा शेजारी येऊन बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, काका, तुमच्या कॅमेऱ्यात मागं काहीच दिसत नाहीये.

पोटा ओतायचा तो एका दमात आणि पहिल्या काही सेकंदांत टँक जोरात हलवायचा, नाहीतर पट्टे येतात. रील बाहेर काढली, ओली, टपकणारी, बाथरूमच्या खिडकीसमोर धरली. आणि हो, होतं सगळं. खांबावरच्या छिन्नीचे घाव एकेक मोजता येत होते, आणि त्याच फ्रेममध्ये बाहेर मंडपाच्या कडेवर ऊन होतं, नुसता काळा डाग नाही, ऊन, त्यात दगडाचे सांधे. निगेटिव्ह इतकी पातळ आणि नाजूक की पहिल्यांदा बघणारा म्हणेल कमी धुतलीय. कमी नाही धुतलेली. एवढ्यावरच थांबलेली आहे.

आत्याचा फोटो मग एका सकाळी त्यांच्या गॅलरीत काढला. ती मेथी निवडत होती. ग्रिलच्या सावल्या भिंतीवर तिरक्या, तिच्या पातळावर तुटक, आणि चेहरा अर्धा उन्हात. मी म्हणलं तू निवडत राहा, बघू नको इकडे. ती म्हणाली, केस तरी नीट करू दे, आणि ओल्या हाताच्या मागच्या बाजूनं केस सारखे केले. तोच फोटो सगळ्यात चांगला आला. प्रिंट केला तर मी स्वतःच बघत राहिलो. चेहऱ्यावर करड्याच्या इतक्या पायऱ्या की ऊन नेमकं कुठं संपतं ते सांगता येणार नाही. मेथीच्या काड्यांवरचं पाणी दिसतंय. त्वचा मऊ, वीस वर्षांनी लहान.

आत्यानं प्रिंट हातात घेतला, चष्मा लावला, लांब धरला, जवळ धरला. मग कपाळावर बोट ठेवून म्हणाली, "अरे, माझं कुंकू कुठंय?"

मला माहीत होतं हे होणार आहे. म्हणजे शास्त्र माहीत होतं. लाल इतका उजळ पकडणारी फिल्म, तिच्यावर लाल कुंकू कपाळाच्याच छटेचं होतं आणि कपाळात मिसळून जातं, ओठ फिके पडतात, सुरकुत्या कमी दिसतात, सगळं त्या एकाच गुणामुळे. जुन्या अल्बममधल्या पणज्यांचे फोटो आठवा, बरोबर उलटं. तेव्हाच्या प्लेटला लाल दिसायचाच नाही, म्हणून त्या बायकांच्या कपाळावर बंद्या रुपयाएवढा काळाभोर डाग असतो. इथं काळा नाही आणि पांढराही नाही. नाहीच. शास्त्र माहीत असणं वेगळं आणि ऐंशीकडे झुकलेल्या आत्यानं फोटोतल्या स्वतःच्या मोकळ्या कपाळाकडे बघणं वेगळं. ती हसत होती, पण म्हणालीच, "हे अजून समोर बसून चहा पितायत बाबा." काका कपातून वर बघून म्हणाले, "आहे, आहे, इथंच आहे." आणि मग स्वतः उठून आले, प्रिंट घेतला, भिंतीवरच्या तेजोमेघाकडे एकदा बघितलं आणि म्हणाले, "लाल खाल्ला की गं हिनं. ह्या लालासाठीच तर घेतली होती मी ही."

इथं डेव्हलपर काही करू शकत नाही. तो सावली-उजेडाचं अंतर कमी-जास्त करेल, रंग त्याच्या हातात नाही, तो लेन्समधून आत येतानाच ठरून गेलेला असतो. त्याला उपाय हिरवा फिल्टर, लाल अडवतो. फक्त दोनेक स्टॉप उजेड खातो, एका स्टॉपला उजेड निम्मा, म्हणजे पंचवीस आसाची फिल्म सहावर येऊन बसते, आणि मग माणसाला पुतळ्यासारखं बसवावं लागतं. आत्याला म्हणलं परत काढू, कुंकू येईल, पण एक आहे, लाल गेला की सुरकुत्या दिसायला लागतात. सगळ्या. ती म्हणाली, "दिसू देत. त्या आहेतच."

दुसऱ्यांदा तिला भिंतीला टेकून बसवलं. पोटा तोच, बर्फ तोच. ह्या वेळी कुंकू आलं, गडद करडं, ठसठशीत, आणि बरोबर डोळ्यांच्या कडेच्या रेघा, मानेवरच्या, वरच्या ओठावरच्या, उन्हानं पडलेले गालावरचे डाग, सगळं बारीक दाण्याच्या फिल्मनं जसंच्या तसं. आत्यानं हाच ठेवला, शेजारणींना दाखवला. मला अजून ठरवता येत नाही. पहिला जास्त सुंदर आहे ह्यात शंका नाही, पण त्यातली बाई मला ओळखीची वाटते आणि वाटत नाही. दुसऱ्यातली आत्या आहे.

काकांचं मात्र समाधान नाही. त्यांच्या मते मी फिल्मचा कणाच काढून घेतला. "एवढं करडं करायचं होतं तर कुठलीही फिल्म चालली असती की. हिचं वैशिष्ट्य काय उरलं?" मी म्हणलं, काका, कोडॅक स्वतः दोन्हीसाठी विकत होतं, म्हणून तर टेक्निडॉल काढलं. "त्यांना विकायचीच होती, ते काहीही म्हणतील." म्हणलं दाणा बघा ना, भिंग लावा, कुठल्या फिल्मला असा येतो. त्यांनी खरंच भिंग आणलं, तारे मोजायचं, आणि आत्याच्या केसांवर फिरवत बराच वेळ बघितलं. हं, म्हणाले. एवढंच. त्यांचं म्हणणं पूर्ण चूक आहे असंही मला वाटत नाही. ज्या फिल्मला 'हो' किंवा 'नाही' एवढंच बोलायची सवय, तिच्याकडून मी 'तसं म्हणलं तर' वदवून घेतलं. पण पानशेतच्या रस्त्यावर मागच्या सीटवर इतक्या रात्री झोपलेली बाई त्या रोलवर एकदाही नाही, आणि मग वीज गेली की टॉवेल तिनंच गुंडाळायचा, हेही काही मला पटत नाही. हे मी त्यांना बोललो नाही. आत्यासमोर तर नाहीच.

त्यांनी एक अट मात्र घातलीय. उरलेली फिल्म करडी करायची नाही. डिसेंबरात मृग वर आला की त्यांना उचलून न्यायचं, पानशेतला आता अंधार राहिला नाही म्हणून आणखी पुढं, वेल्ह्याच्या बाजूला कुठंतरी, स्क्रू मी फिरवायचा आणि ते खुर्चीत बसून ओरडणार. आणि धुवायची डी-१९ मध्येच. आत्या म्हणाली मीपण येणार, थालीपिठं आता जमत नाहीत, वाटेत काहीतरी घेऊ. सल्फाइट भरपूर उरलंय, मेटॉल थोडं आहे, हायड्रोक्विनोन आणायला जायचंय, आणि ह्या वेळी मालक दुकानात असतील ती वेळ बघून जाणार आहे.